आयेल्ट्स रायटिंगला दोनदा 6 च, क्लासनं दिलेला साचा सोडून देऊ का?

आठवी_गल्ली

नमस्कार सगळ्यांना. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतली, शिवाजी विद्यापीठातून केमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, पुढच्या सप्टेंबरला यूकेत शिकायला जायचंय. आयेल्ट्स अकॅडमिक, म्हणजे परदेशात शिकायला लागणारी इंग्लिशची परीक्षा, दोनदा दिली आणि दोन्ही वेळेला रायटिंगला 6. आत्ताच्या निकालात लिसनिंग 8, रीडिंग 7.5, स्पीकिंग 7, ओव्हरऑल 7 बसतोय पण युनिव्हर्सिटीला कुठल्याच सेक्शनला 6.5 च्या खाली चालत नाही. अर्ध्या बँडसाठी (यात गुणांना बँड म्हणतात) सगळं थांबलंय, आणि फी काय थोडीथोडकी नसते, दोन्ही वेळेला बाबांनी भरली, आता तिसऱ्यांदा घरी विषय काढायचा म्हणजे जीवावर येतंय.

ज्या क्लासला जात होते तिथं रायटिंगच्या टास्क 2 साठी, म्हणजे निबंधासाठी, एक साचा पाठ करून घेतला होता. सुरुवातीला 'इन द मॉडर्न एरा, इट इज अ हॉटली डिबेटेड इश्यू', मग फर्स्टली, मोरओव्हर, फर्दरमोर, शेवटी 'टू सम अप'. विषय कुठला पण येऊ दे, वाक्यं हीच, मध्ये फक्त विषयाचं नाव बसवायचं. हे सोडून द्यावं का? आणि सोडलं तर लिहायचं कसं? टास्क 1 मध्ये, म्हणजे ग्राफ बघून लिहायचं असतं त्यात, मला वाटतं माझं काही चुकत नाही, ग्राफमधले सगळे आकडे लिहून काढते, एकही सुटत नाही. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते, ते कारण असेल का? प्लीज कुणीतरी नीट सांगा.

बावडेकर

सगळे आकडे लिहून काढतेस म्हणालीस ना, तिथंच पहिली अडचण आहे बघ. मी पण 6 वर अडकलेलो, तिसऱ्या वेळेला 7 आले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टास्क 1 ला त्यांना ओव्हरव्ह्यू पाहिजे असतो. बँड डिस्क्रिप्टर, म्हणजे कसल्या लिखाणाला कुठला बँड देतात त्याची वर्णनं, नेटवर फुकट मिळतात, वाचलेस का कधी? नुसती माहिती उतरवलीय आणि स्पष्ट ओव्हरव्ह्यू नाही, असं लिखाण त्यात 5 ला टाकलंय. ओव्हरव्ह्यू म्हणजे काय हे मला कुठल्या क्लासात कळलं नाही, पुराच्या दिवसांत कळलं. जुलै-ऑगस्टात पुण्याहून मामाचा फोन येतो, पंचगंगेचं पाणी किती झालं रे म्हणून. तेव्हा आपण काय राजाराम बंधाऱ्याची तासातासाची पातळी वाचून दाखवत नाही. 'चढतच चाललंय, इशारा पातळी ओलांडली, आता धोक्याकडं निघालंय' एवढंच सांगतो, त्यात त्याला सगळं कळतं. 39 फूट आणि 43 फूट हे त्यानं पुढं विचारलं तर. तसंच लिहायचं, एक-दोन वाक्यांत मोठी हालचाल कुठली, कोण वर गेलं कोण खाली आलं, आणि आकडे त्याच्या पुढच्या पॅऱ्यात, ते पण निवडून. सगळे नकोत. किमान 150 शब्द मागतात, 170-180 ला थांबलीस तरी चालतंय.

आता साचा. तो सोड, माझं ठाम मत आहे. टास्क 2 ला चार निकष आणि चारींना सारखंच वजन, प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. पाठ केलेली वाक्यं परीक्षक लगेच ओळखतात आणि त्यातनं प्रश्नाचं उत्तर तर कुठंच मिळत नाही. मोरओव्हर फर्दरमोर प्रत्येक वाक्याच्या तोंडाला लावलं की जोडणी मेकॅनिकल होते, हा शब्द बँड 6 च्या वर्णनातच आहे, जाऊन बघ. मला ते वाचल्यावर एकदम झटका बसला होता कारण माझा प्रत्येक निबंध तसाच होता. प्रश्न 'टू व्हॉट एक्स्टेंट' विचारत असेल तर किती सहमत हे पहिल्या पॅऱ्यातच सांग आणि शेवटपर्यंत त्यावर टिकून रहा. 'डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओपिनियन' आलं तर तीन कामं आहेत, दोन्ही बाजू आणि तुझं मत, त्यातलं एक जरी राहिलं तरी मार्क गेले.

एक सांग, 60 मिनिटं वाटून कशी घेतेस? टास्क 2 चं वजन टास्क 1 च्या दुप्पट असतं.

आठवी_गल्ली

दादा, टास्क 1 ला माझी 30-35 मिनिटं जातात 😔 आकडे एकही सुटायला नकोत म्हणून. टास्क 2 चा शेवटचा पॅरा दोन्ही वेळेला गडबडीतच लिहिला, दुसऱ्या वेळेला तर 'टू सम अप' च्या पुढं एकच वाक्य झालं आणि वेळ संपली.

बावडेकर

मग तुझा अर्धा बँड तिथंच पडलाय असं मला वाटतं. 20 मिनिटं झाली की टास्क 1 आहे तसा सोडून पुढं जायचं. पहिले काही दिवस लई जड जातंय पण सवय होते. आणि टास्क 2 आधी लिहिलं तरी कुणी अडवत नाही, मी तेच करत होतो.

रंकाळा_चौपाटी

बावडेकरांचं बरंचसं पटलं पण साचा सरसकट टाकून दे याला माझा विरोध आहे. वाक्यं टाक, मांडणी ठेव. चार पॅरे, मधल्या दोन्हीत एकेकच मुद्दा आणि त्याचं 'का' आणि 'उदाहरणार्थ'. परीक्षेच्या खोलीत हात गार पडतात तेव्हा या मांडणीचाच आधार असतो, माझ्या बहिणीला त्याच्यावरच 7 मिळाले.

आणि फीचं लिहिलंयस म्हणून सांगते, परीक्षा कॉम्प्युटरवर दिली असशील तर वन स्किल रिटेक बघ. त्यात फक्त रायटिंग परत देता येतं, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत आणि एकदाच. पण सगळ्या युनिव्हर्सिटी ते धरत नाहीत, तेव्हा आधी ॲडमिशन ऑफिसला मेल कर आणि त्यांचं उत्तर लेखी आल्यावरच पैसे भर. मार्क चुकलेत असं खरंच वाटत असेल तर निकाल फेरतपासणीला पण देता येतो, त्याची फी वेगळी, बँड वाढला तर ती परत मिळते. तुझ्या बाबतीत शेवटचा पॅरा राहिला होता म्हणतेस, तर फेरतपासणीत पैसे घालू नकोस.

निवृत्त_बाई_करवीर

पोरी, मराठी शाळेला बोल लावू नकोस. मी कित्येक वर्षं आठवी ते दहावीला इंग्लिश शिकवलं, आपल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात आणि ठरलेल्या असतात म्हणूनच त्या निघतात. आपल्या भाषेत 'अ' आणि 'द' नाहीत, म्हणून ते सुटतात. 'तीन वर्षांपासून' डोक्यात असतं म्हणून 'सिन्स थ्री इयर्स' लिहितात, तिथं 'फॉर' पाहिजे. 'च्याबद्दल चर्चा' वरनं 'डिस्कस अबाऊट' येतं, त्यातला 'अबाऊट' नको. आपल्या लिपीत कॅपिटल नाही म्हणून देशाचं नाव पण लहान अक्षरानं सुरू करतात. आणि आपण बोलताना स्वल्पविराम देत देत चार वाक्यं ओढत नेतो, इंग्लिशमध्ये दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली तर ती चूकच, तिथं पूर्णविराम द्यायचा. शेवटची पाच मिनिटं फक्त या चुका शोधायला ठेव.

टास्क 1 ला कधीकधी ग्राफ न येता एखादी वस्तू कशी तयार होते त्याची आकृती येते, त्यासाठी आमच्याकडं चल, म्हणजे मनानंच चल. गुऱ्हाळावर लिही. ऊस चरकात गाळला जातो, रस काहिलीत ओतला जातो, चुलवाणात चिपाडं जाळून तो उकळतात, भेंडीचा रस घातला की मळी वर येते ती काढली जाते, मग गुळव्या सांगेल तेव्हा काहील उतरवून वाफ्यात ओततात आणि शेवटी ढेपा भरतात. गाळला जातो, ओतला जातो, काढली जाते, ही जी क्रियापदं आहेत ना तोच पॅसिव्ह व्हॉइस, इंग्लिशमध्ये तिथं तोच लागतो. एकूण टप्पे किती, सुरुवात कशानं आणि शेवट कशानं, हे वरच लिहिलंस की झाला ओव्हरव्ह्यू. डोळ्यांनी बघितलेली गोष्ट लिहिताना पाठांतर लागत नाही. लिहून इथंच टाक, मी तपासते.

आठवी_गल्ली

बाई, लिहिलं. घड्याळ लावून 20 मिनिटांत 171 शब्द झाले, आणि पहिल्यांदाच एक पण मोरओव्हर नाही. युनिव्हर्सिटीला रिटेकबद्दल मेल पण टाकला. टाईप करून रात्री इथं टाकते, तोवर एक विचारू का, काहिलीला इंग्लिशमध्ये काय लिहू? मी आत्ता 'काहील' च ठेवलंय.

निवृत्त_बाई_करवीर

पहिल्यांदा 'अ लार्ज शॅलो पॅन'. त्याच्यापुढं जिथं जिथं येईल तिथं 'द पॅन'.