सेलमचे चेटूक-खटले, १६९२: गव्हर्नर फिप्स किती जबाबदार?

प्रश्न: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रजी वसाहतीच्या गव्हर्नर विल्यम फिप्सने सेलम गावचे हे खटले थांबवले असं काही जण लिहितात, तर काहींच्या मते खास न्यायालय नेमून त्यानेच फाशीची वाट मोकळी केली. खरं काय? तो तेव्हा मेनच्या लढाईवर होता, मग दोष कसा द्यायचा?

उत्तर १: दोन्ही खरं आहे, फक्त तारखा वेगळ्या. फिप्स वसाहतीच्या कारभाराची नवी सनद (राजाचं अधिकारपत्र) घेऊन १४ मे १६९२ ला बोस्टनला उतरला, तेव्हा तुरुंग आधीच भरले होते. जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झाल्यामुळे देहदंडाचे खटले चालवायला पक्क्या अधिकाराचं न्यायालयच नव्हतं. ही अडचण खरी होती. पण सनदेनुसार न्यायालयं उभी करण्याचा अधिकार विधिमंडळाचा होता, आणि ते ८ जूनला भरणार होतं. तेवढेही दिवस न थांबता फिप्सने २७ मे रोजी खास न्यायालय नेमलं: नऊ न्यायाधीश, प्रमुख उपगव्हर्नर विल्यम स्टॉटन. माझ्या मते मूळ चूक इथेच झाली.

उत्तर २: 'लढाईवर होतो' हे फिप्सने स्वतःच लंडनला कळवलं, १२ ऑक्टोबरच्या पत्रात. ते जसंच्या तसं मानू नका. मेनमध्ये पेमाक्विडचा किल्ला बांधायला तो ऑगस्टमध्ये गेला आणि सप्टेंबरअखेर परतला. त्या काळात १३ जणांना फाशी झाली: १९ ऑगस्टला ५, २२ सप्टेंबरला ८. उरलेल्या सहांपैकी ब्रिजेट बिशपला १० जूनला आणि पाच बायकांना १९ जुलैला फासावर चढवलं, ते मात्र तो बोस्टनमध्ये असताना. त्या पाचांत रिबेका नर्स होती. तिची फाशी त्याने आधी रोखली होती. विरोध होताच ती स्थगिती मागे घेतली. यावर कमी बोललं जातं, याचं वाईट वाटतं.

उत्तर ३: थांबवलं कसं, तेही पाहा. ऑक्टोबरमध्ये त्याने नव्या अटका रोखल्या आणि महिनाअखेर खास न्यायालय बंद केलं. त्याच्या बायकोवरही आरोप होऊ लागल्याची चर्चा होती, पण तेवढंच कारण धरणं उथळ ठरेल. पाद्रीही आता उघड शंका घेत होते. जानेवारी १६९३ मध्ये नवं वरिष्ठ न्यायालय बसलं तेव्हा निर्णायक बदल एकच होता: 'अमकीची छाया येऊन मला चिमटे काढते' असल्या साक्षीवर दोषी धरायचं नाही. बहुतेक जण सुटले, तिघी दोषी ठरल्या. स्टॉटनने त्यांच्यासह आठ जणांच्या फाशीचे हुकूम काढले, फिप्सने ते रोखले, आणि स्टॉटन रागाने न्यायासनावरून उठून गेला.

उत्तर १: आणि सुटका म्हणजे घरी जाणं नव्हे. तुरुंगातल्या जेवणाचे, बेड्यांचेही पैसे कैद्यानेच भरायचे. लिडिया डस्टिन निर्दोष ठरली, पण ते पैसे भरता न आल्याने मार्च १६९३ मध्ये तुरुंगातच वारली.