मशीहा म्हणजे राजा की तारणारा?

फ्लेक्सवाला, दर्यापूर
लोकहो एक शंका हाये. नाताळाच्या फ्लेक्सचं मॅटर आलं, 'मशीहा, राजा, तारणारा जन्मला'. आता मशीहा म्हणजेच तारणारा ना, मग एकच गोष्ट दोनदा काऊन? निवडणुकीत 'शेतकऱ्यांचा मसीहा' असे बॅनर आम्हीच छापतो, तिथं संकटातून सोडवणारा असाच अर्थ धरतेत लोक. अन् स टाकू का श?

वऱ्हाडी गडी
श टाक भाऊ, मराठी बायबलात मशीहा असंच छापतेत. मसीहा उर्दू-हिंदीतून आला, तिकडं शायरीत मसीहा म्हणजे दुखणं बरं करणारा, मेलेल्यात जीव टाकणारा, पुढाऱ्यायच्या बॅनरवर तोच चढला. मूळ हिब्रूत मात्र फक्त 'तेलानं अभिषेक केलेला' एवढंच हाये. शमुवेल संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, शिंगात तेल भरून बेथलेहेमात गेला, मोठे भाऊ सगळे समोर उभे, अन् मेंढरं राखणाऱ्या धाकट्या दावीदाले रानातून बोलावून त्याच्या डोक्यावर ते ओतलं, झाला तो अभिषिक्त, म्हणजे राजा. याजकायलेही, म्हणजे पुजाऱ्यायलेही, तेल लावत. ग्रीकात त्याचंच ख्रिस्त झालं, ते काही येशूचं आडनाव नाही बाप्पा, पदवी हाये.

आडत्या
मग तारण कुठून आलं? आमच्या बाजार समितीत तारण म्हणजे सोयाबीन गोदामात टाका, पावती घ्या, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज उचला 😄

वऱ्हाडी गडी
ते गहाणाचं तारण. हे 'देव तारी त्याला कोण मारी' मधलं. येशू या नावाचाच अर्थ 'यहोवा (देव) तारतो' असा होते, अन् बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात देवदूत मरियेच्या नवऱ्याले, योसेफाले, सांगतो का हा आपल्या लोकायले पापापासून तारील.

रिटायर मास्तर
थोडं लांबेल, चहा घेऊन बसा. राजा की तारणारा हा प्रश्नच मला पटत नाही. त्या काळी लोकांना तारणं हेच राजाचं काम होतं, पहिला राजा शौल याला अभिषेक करायला शमुवेलाला सांगताना देवानं कारण दिलंय ते हेच की तो पलिष्टी या शत्रूंच्या हातून माझ्या लोकांना सोडवील, आणि तकोवा गावची एक बाई दावीदापुढं पालथी पडून म्हणते 'महाराज, वाचवा', तिथं हिब्रू क्रियापद तेच आहे जे होसान्नात आहे. होसान्ना म्हणजे मुळात 'तार ना आता!' येशू गाढवाच्या शिंगरावर बसून यरुशलेमात शिरला तेव्हा लोक झावळ्या घेऊन तेच ओरडत होते, आणि योहानाच्या पुस्तकात तर पुढं लगेच 'इस्राएलाचा राजा' येतंच. म्हणजे एकाच घोषणेत दोन्ही. इतकंच काय, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात 45 व्या अध्यायात पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजालाही अभिषिक्त म्हटलंय, तो यहूदी नसताना, कारण त्यानं बाबेलच्या कैदेतून यहूदी लोकांना सोडलं. फरक कुठं पडतो, तर कशापासून सोडवायचं तिथं. लोकांना रोमी सत्ता हाकलून पाहिजे होती, येशूनं दिलेल्या भाकरी खाऊन झाल्यावर ते त्याला बळजबरीनं राजा करायला निघाले तर हा एकटाच डोंगरावर निघून गेला. रोमी सुभेदार पिलातालाही म्हणाला माझं राज्य या जगाचं नाही. ख्रिस्ती मंडळी म्हणतात शत्रू रोम नव्हताच, पाप आणि मरण होतं, आणि ते त्यानं वधस्तंभावर मरून आणि तिसऱ्या दिवशी उठून हरवलं. पाटी बघा कुठं लागली, 'यहूद्यांचा राजा', हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत, वधस्तंभावरच. पिलातानं ती टोमणा म्हणून लावली असावी असं मला वाटतं, ख्रिस्ती माणूस मात्र ती खरी धरून वाचतो.

फ्लेक्सवाला, दर्यापूर
मास्तर, म्हणजे तिन्ही शब्द ठेवतो जसेच्या तसे. पण यहूदी लोक काऊन मानत नाहीत मग?

रिटायर मास्तर
त्यांचं म्हणणं सरळ आहे, मशीहा आला की लढाया थांबायला पाहिजेत, तलवारींचे फाळ व्हायला पाहिजेत, ते कुठं झालं? यावर ख्रिस्ती उत्तर असं की राज्य सुरू झालंय पण पुरं व्हायचंय, त्यासाठी तो परत येणार आहे. दोघंही वाटच बघतायत म्हणा, एक पहिल्यांदा यायची, एक दुसऱ्यांदा.