पन्नाशीनंतर मरीन कोलॅजेन घ्यावं का? हाडं आणि गुडघ्यांसाठी सल्ला हवा आहे

तेरेखोल:
नमस्कार मंडळी. माझं वय ५२, पाळी जाऊन वर्ष उलटलं. नुकताच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, त्यात कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे १.८ आला. डॉक्टरांनी सांगितलं की हा ऑस्टिओपेनिया आहे, हाडं विरळ व्हायला लागलीत, पण ऑस्टिओपोरोसिसपर्यंत गेलेलं नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वजनं घेऊन करायचे व्यायाम सुरू केलेत. कोलॅजेनचं विचारलं तर "घ्यायचं तर घ्या" एवढंच म्हणाल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते, पुढचं विचारायचं राहून गेलं.

घरात हा विषय आला जाऊबाईंमुळे. त्या बरेच महिने मरीन कोलॅजेन, म्हणजे माशांच्या कातडीपासून आणि खवल्यांपासून केलेली प्रथिनाची पावडर घेतात आणि चेहरा तुकतुकीत झाला असं सांगतात. मला त्वचेचं फारसं काही नाही. हाडांची मात्र खरंच धास्ती आहे, कारण माझ्या मावशीचं खुब्याचं हाड मोडल्यावर तिचे हाल मी जवळून पाहिलेत.

दुसरी काळजी आईची. ती ७४ वर्षांची, मालवणला असते. दोन्ही गुडघे झिजलेत, जिना उतरताना कठडा सोडवत नाही. बीपीची गोळी चालू आहे, आणि मागे दोनदा मुतखडा झाला होता. जाऊबाईंनी प्रेमाने तिच्यासाठीही एक डबा पाठवलाय.

मी जमेल तेवढं वाचलं. आपल्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा कोलॅजेन असतं, आणि पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, हे कळल्यावर पोटात गोळाच आला. २०१८ चा एक अभ्यास सापडला: पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या बायकांना वर्षभर रोज ५ ग्रॅम कोलॅजेन पेप्टाइड (कोलॅजेनचे बारीक तुकडे) दिलं, तर मणक्याची आणि मांडीच्या हाडाच्या मानेची घनता वाढली. हे तर थेट माझ्यासारख्यांवरच केलेलं! मग पुढे वाचलं की २०२५ मध्ये कोणीतरी सगळे अभ्यास एकत्र तपासून उपयोग नाही असं म्हटलंय. आता कशावर विश्वास ठेवू?

आणखी एक. आमचं घर मालवणी, आठवड्यातून चार दिवस तरी मासे असतात, तेही कातडीसकट. मग त्यातून कोलॅजेन मिळत नाही का? पावडरीचा महिन्याचा खर्च दोन हजारांच्या वर जातो. तेवढ्यात आईची फिजिओथेरपी सुरू करता येईल, म्हणून नीट ठरवायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.

आहारवाट:
तेरेखोल, मी आहारतज्ज्ञ आहे, पाळी गेलेल्या बऱ्याच जणी हाच प्रश्न घेऊन येतात.

२०२५ चं तुम्ही वाचलंत ते त्वचेबद्दल आहे, हाडांबद्दल नाही. त्यात २३ चाचण्या आणि १,४७४ माणसं होती. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर त्वचेचा ओलावा आणि लवचिकता सुधारलेली दिसते. पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की फरक उरत नाही, आणि उत्तम दर्जाच्या चाचण्यांतही तेच. त्यामुळे निव्वळ चेहऱ्यासाठी मी कोणाला ही पावडर घ्यायला सांगत नाही.

हाडांचा २०१८ चा अभ्यास चांगला आहे, पण लहान: १३१ जणींनी सुरू केला, १०२ जणींनी पूर्ण केला. त्यात घनता मोजली, हाडं मोडायचं प्रमाण कमी झालं का हे नाही तपासलं. शिवाय तो एका ठरावीक पेप्टाइडवर झाला. बाजारातल्या प्रत्येक डब्याला तोच निकाल लावता येत नाही. तुम्हाला घ्यायचंच असेल तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि व्यायामाच्या जोडीला घ्या, त्यांच्या ऐवजी नाही. तुमच्या वयाला दिवसाला १२०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं, ते आधी भरतंय का ते पाहा.

माशांचं विचारलंत, त्याचा मला फार आनंद झाला. कालवणात शिजताना कातडीतलं कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि पोटात गेल्यावर त्याचीही अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड होतात. पावडरीत हे काम कारखान्यात आधीच झालेलं असतं आणि मात्रा नेमकी मोजलेली असते. कोलॅजेन कुठूनही आलं तरी ते जसंच्या तसं हाडात जाऊन बसत नाही. शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नसतं, म्हणून ते अपुरं प्रथिन आहे. तुमचा बांगडा त्याहून सरस: पूर्ण प्रथिन, वर ओमेगा-३. मांदेली, मोतकं काट्यासकट खाल्लीत तर कॅल्शियमही मिळतं. शरीराला स्वतःचं कोलॅजेन तयार करायला क जीवनसत्त्व लागतं, तेव्हा पेरू, आवळा, कालवणावर पिळलेलं लिंबू सोडू नका.

काजवा:
आईंच्या मुतखड्याकडे आधी लक्ष द्या. कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि शरीरात त्याच्यापासून ऑक्झलेट तयार होतं. जिलेटिन खाल्ल्यावर लघवीतलं ऑक्झलेट वाढतं हे प्रयोगांत दिसलंय. त्यांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो डबा उघडू नका. मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणीही बघून घ्या.

गुडघ्यांसाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणं याला जितका भक्कम आधार आहे तितका पावडरीला नाही. वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये कोलॅजेन हायड्रोलायझेट (असं तुकडे केलेलं कोलॅजेन) आणि सांध्यांचा दावा मान्य केला नव्हता. दुकानात ४० मिलिग्रॅमची 'टाइप टू' कॅप्सूल दाखवतील, ती कोंबडीच्या छातीच्या कुर्चेपासून होते. ती वेगळी चीज आहे, दोन्हींची गल्लत करू नका. माझं मत विचाराल तर ते पैसे फिजिओथेरपीलाच घाला.

सुरमई:
माझ्या भाचीला माशांची ॲलर्जी आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. आंब्याच्या चवीची पावडर असली तरी ती माशांचीच असते. डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण आणि ॲलर्जीच्या सूचनेत मासे लिहिलेत का, हे बघा. एका वेळच्या मात्रेत कोलॅजेन किती ग्रॅम, तेही वाचा. कित्येक डब्यांत साखर आणि स्वादच जास्त असतात. जड धातूंचा बॅचनिहाय अहवाल मागा, चांगला विक्रेता देतो. आणि 'व्हेज कोलॅजेन' म्हणून जे विकतात त्यात बहुधा कोलॅजेन नसतंच, क जीवनसत्त्व आणि वनस्पतींचे अर्क असतात.

तेरेखोल:
तिघांचेही मनापासून आभार. काजवा, तुम्ही लिहिलंत म्हणून काल आईची जुनी फाइल शोधून काढायला लावली. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचाच होता. तिचा डबा तसाच परत जाईल, जाऊबाईंशी मी बोलते, त्या समजून घेतील. माझ्यापुरतं ठरवलंय की पावडर आत्ता नको. कॅल्शियम आणि व्यायाम नेटाने करते, पुढचा डेक्सा पाहून डॉक्टरांशी पुन्हा बोलेन.

मालवण किंवा कुडाळ भागात घरी येऊन गुडघ्यांचे व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत असतील तर कृपया मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईला रिक्षातून नेणं-आणणं जड जातं, म्हणून घरी येणारेच हवेत.