शब्दचर्चा: 'उदरप्रवेश', आणि सुई बघून की बघत?

उंबरठा:
एका रुग्णालयासाठी दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रकाचं मराठी करून देतेय. एका वाक्यापाशी गाडी अडलीये. मसुदा असा: "अल्ट्रासाऊंड मार्गदर्शित सुरक्षित उदरप्रवेश करण्यात येईल." मावशीला वाचायला दिलं. तिचं पित्ताशय काढायचंय, आधी दोन सिझेरियन झालेली. चष्मा वर सरकवून म्हणाली, "गृहप्रवेश माहितेय, परकायाप्रवेश ऐकलाय. हा माझ्या पोटात कोण शिरतोय?" शब्द सुचवा. अट एकच, मावशीला कळला पाहिजे.

कोशकीटक:
मावशींशी सहमत. 'दुर्बीण' हाही तसा गमतीचाच शब्द. फारसी 'दूर' अधिक 'बीन', लांबचं बघणारी. आणि आपण ती पोटात घालून वीतभरावरचं पित्ताशय बघतो! पण तो रुळलाय, त्याला हात लावू नका. या ऑपरेशनच्या इंग्रजी नावातलं, लॅपरोस्कोपीतलं, ग्रीक 'लॅपरा' म्हणजे बरगड्या आणि कमरेचं हाड यांच्यामधली मऊ जागा. आपण कुशीवर वळतो ना, ती कूस. तेव्हा 'उदर' मुळातही नाही. आणि 'प्रवेश' काढाच, 'पहिलं छिद्र' पुरे.

भूलवाली:
रोज टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभी असते, म्हणून लिहिते. थिएटरात आम्ही सगळे 'एन्ट्री' म्हणतो. बेंबीपाशी बारीक छेद घेतात, पोट वर उचलून धरतात आणि सुई घालतात. सुईच्या आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट कांडी असते. पोटाच्या भिंतीतून जाताना ती मागे दबते, मोकळी जागा लागली की पुढे उडते. टक. जरा पुढे, पुन्हा टक. मग कार्बन डायऑक्साइड सोडून पोट फुगवतात, दाब साधारण १२ ते १५ मिमी पारा. दुर्बीण त्यानंतर आत जाते. म्हणजे सुई जाताना सर्जनला आतलं काहीच दिसत नसतं, सगळा हाताचा अंदाज. म्हणून 'ब्लाइंड एन्ट्री'. याचं कृपा करून 'आंधळा प्रवेश' करू नका, पेशंट टेबलावरून उठून जाईल.

बेंबी निवडतात कारण तिथे भिंत सगळ्यात पातळ. पण महाधमनीला फाटे फुटतात तेही साधारण तिच्याच मागे, आणि बारीक अंगाच्या माणसात मधलं अंतर फार थोडं. त्यात आधीची ऑपरेशनं असली तर आतडं भिंतीला आतून चिकटलेलं असू शकतं. मावशींच्या बाबतीत धास्ती याचीच.

कोशकीटक:
अवांतर: ती सुई यानोश वेरेश या हंगेरियन डॉक्टरची. क्षयाच्या रोग्यांच्या छातीत हवा भरायला बनवलेली. त्यावरचा त्याचा जर्मन लेख १९३८चा. हंगेरियनमध्ये एकट्या 'एस'चा उच्चार 'श' होतो, तरी आपल्याकडे सगळे 'व्हेरेस'च म्हणतात.
अति अवांतर: बेंबी टाळायची असेल तेव्हा डाव्या बरगडीखाली सुमारे ३ सेंमीवर सुई घालतात, त्या जागेला 'पामर्स पॉइंट' म्हणतात. राउल पामर हे फ्रेंच स्त्रीरोगतज्ज्ञ. मराठी पत्रकात 'पामर बिंदू' छापू नका, एवढीच या पामराची विनंती.

सोनोवाला:
खरी गडबड 'मार्गदर्शित'मध्ये आहे. आमचं मशीन मार्ग वगैरे दाखवत नाही, फक्त आतलं दाखवतं. आणि त्यामागच्या 'गायडेड' या एका इंग्रजी शब्दात दोन निराळी कामं कोंबलीयेत.

एक, आधी बघून ठेवणं. प्रोब, म्हणजे मशीनचा पोटावर टेकवायचा भाग, बेंबीजवळ धरायचा आणि पेशंटला मोठा श्वास घ्यायला सांगायचा. पोटाच्या भिंतीखाली आतडी वरखाली सरकताना दिसतात. साधारण १ सेंमीपेक्षा जास्त सरकली तर तिथे चिकटलेलं नाही असं धरतात. जिथे ती जागची हलत नाहीत, तिथे सुई नको. मग बॉलपेनने खूण करायची.
दुसरं, सुई आत जात असताना तिचं टोक पडद्यावर ठेवणं. हे पोटात गॅस सोडेपर्यंतच. गॅस शिरला की त्यापलीकडचं दिसत नाही, आमच्या ध्वनिलहरी हवेपुढे हात टेकतात.

मराठीत हे सोपं आहे. पहिलं 'बघून', दुसरं 'बघत'.

उंबरठा:
वा! "दूध बघून ये" आणि "दूध बघत उभी राहा" यांतला फरक. दुसऱ्यात हलायची सोय नाही. आमच्या पत्रकातलं काम पहिलं, हे सर्जनना विचारून पक्कं केलं.

भूलवाली:
एक खोडा घालते. काही सर्जन सुई घालतच नाहीत. जरा मोठा छेद घेऊन थर एकेक करून उघडतात, पोकळी डोळ्यांनी दिसली की मगच नळी आत. हॅसन यांची १९७१ची पद्धत. ते पण 'बघून'च की! तेव्हा 'सोनोग्राफीत बघून' असं पुरतं लिहा.

सोनोवाला:
मान्य. आणि 'अल्ट्रासाऊंड' नको, 'सोनोग्राफी'च. मावशींचे खडे बहुधा सोनोग्राफीतच सापडले असतील. 'श्राव्यातीत ध्वनी' पाठ्यपुस्तकात राहू दे.

कोशकीटक:
त्या आतड्यांच्या हलण्याला तुम्ही लोक काय म्हणता?

सोनोवाला:
"स्लाइड आहे", "स्लाइड नाही".

कोशकीटक:
सरकगाठीतली 'सरक' घ्या. "सरक आहे." 'घसरण' तेवढी नको, ती शेअर बाजाराला लागते.

उंबरठा:
शेवटचा मसुदा: "पहिलं छिद्र पाडण्याआधी सोनोग्राफीत पोट बघून, आतडी जिथे मोकळी सरकताना दिसतील ती जागा निवडली जाईल. त्यामुळे आतड्याला इजा होण्याची शक्यता कमी होते, पण पूर्ण जात नाही."
मावशीने दोनदा वाचला. कळलं म्हणाली. फक्त 'पाडण्याआधी'वर बोट ठेवून, "छिद्र भिंतीला पाडतात गं. माझ्यासाठी 'करण्याआधी' लिही."