बोथम म्हणजे फक्त हेडिंग्ले नव्हे

कुणीतरी लिहिलंय की इंग्लंडचा अष्टपैलू इयान बोथमचं नाव १९८१च्या हेडिंग्ले (लीड्स) कसोटीवरच चालतं, बाकी सगळी हवा. तिथल्या त्याच्या नाबाद १४९ ला तोड नाही हे मान्य, पण तो सामना खऱ्या अर्थानं संपवला वेगवान गोलंदाज विलिसच्या ८/४३ नं (४३ धावांत ८ बळी). निखळ अष्टपैलू म्हणून बोथम पाहायचा तर त्याच्या आधीच्या वर्षी वानखेडेवर यावं लागतं. फेब्रुवारी १९८०, बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची भारत-इंग्लंड कसोटी. (मधे खग्रास सूर्यग्रहण आलं म्हणून त्या दिवशी विश्रांती दिली होती!) पहिल्या डावात ६ बळी, मग इंग्लंड ५ बाद ५८ असं अडचणीत असताना ११४, आणि दुसऱ्या डावात पुन्हा ७ बळी. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी ही दुहेरी कामगिरी त्याआधी पुरुषांच्या कसोटीत कुणीच केली नव्हती. ११४च्या त्या डावात बोथमचा जोडीदार बॉब टेलरला झेलबाद दिलेलं असताना भारताचा कर्णधार विश्वनाथनं त्याला परत बोलावलं, आणि बोथम-टेलरनी १७१ची भागी केली. विश्वनाथचा मोठेपणा आपल्याला चांगलाच महागात पडला, दहा गडी राखून हरलो.

आणि 'हवा' म्हणणाऱ्यांसाठी अजून एक: १००० धावा-१०० बळी हा टप्पा सर्वांत कमी कसोटींत गाठण्याचा विक्रम आपल्या विनू मांकडांचा होता, २३ कसोटी. तो १९७९मध्ये मोडला बोथमनंच, २१ कसोटींत, तोही भारताविरुद्ध. उतारावरचा, पाठीच्या दुखण्यानं वेग गेलेला बोथम बघून मत बनवलं असेल तर गोष्ट वेगळी.