शिवणीची माया दोनदा धरली गेली असेल
सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन पॅटर्नवरून (कापड बेतायच्या कागदी साच्यावरून) शर्ट शिवताना कॉलर गळ्यापेक्षा मोठी होतेय म्हणालात, तर आधी माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड, बघा. त्या पॅटर्नमध्ये बहुतेक ठिकाणी ५/८ इंच माया धरलेलीच असते. आपण सवयीने वर आणखी सोडली की गळा लहान होतो आणि कॉलर लांबते, मग जुळणार कशी?

कॉलरला टीप मारल्यावर माया कापून पाव इंचावर आणा, टोकाशी त्याहून कमी, आणि मगच उलटवा. नाहीतर ती लांब टोकं आत गोळा होतात. (टोकं आखूड मात्र करू नका हं, सगळी ऐट त्यातच आहे!) पॅटर्नच्या मूळ पातळ कागदाला कात्री न लावता तो दुसऱ्या कागदावर गिरवून घ्या. पहिला शर्ट मांजरपाटाचा (साध्या सुती कापडाचा) शिवा, नुसता बेत तपासायला.