शेजारच्या बंद बांधकामामुळे डास आणि घुशी – महापालिकेत नक्की कुणाला गाठायचं?

नमस्कार मंडळी,

मुंबईजवळच्या एका महापालिकेच्या हद्दीत राहतो. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही, अजून त्याच लोकांकडून काम करून घ्यायचंय.

आमची सोसायटी जुनी, तीन मजली. शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडली, तळघराचा खड्डा खणला आणि मग बिल्डरचं कुठेतरी बिनसलं. काम ठप्प. पत्र्यांच्या आड तो खड्डा पावसाच्या पाण्याने तुडुंब भरलाय. लिफ्टसाठी बांधलेल्या चौकोनी हौदातही पाणी आहे, आणि ते चांगलं स्वच्छ दिसतं. तिथल्या वॉचमनला पटवून आत गेलो आणि हौदातलं थोडं पाणी पांढऱ्या मगमध्ये घेतलं. अळ्याच अळ्या! तो मग हलवला की सगळ्या तळाशी, थोड्या वेळाने परत वर. काही डोकं खाली करून लटकतात, काही पाण्यावर काडीसारख्या आडव्या पडून राहतात. व्हिडिओ काढून ठेवलाय. आमच्या जिन्यात दोघांना डेंग्यू होऊन गेला.

दुसरी भानगड घुशींची. ती इमारत पाडल्यापासून तिथलं सगळं बिऱ्हाड आमच्याकडे आलंय. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला लागून बिळं, बाहेर मातीचे ढीग, पेव्हर ब्लॉक खचलेले. तळमजल्यावरच्या काकू रात्री मोरीच्या जाळीवर पाटा ठेवून झोपतात.

अ‍ॅपवर तक्रार केली की धुराची गाडी येते. गल्लीभर धूर, मागे पोरं, गाडीवाला फोटो काढतो आणि संध्याकाळी मेसेज येतो, ‘तक्रारीचे निराकरण झाले’. खड्ड्याचं विचारलं तर ‘खासगी जागा आहे, आम्हाला आत जाता येत नाही.’ घुशींचं विचारलं तर आरोग्यवाले घनकचऱ्याकडे बोट दाखवतात आणि घनकचरावाले परत आरोग्याकडे. माझा मेव्हणा मुंबईत असतो, तो म्हणतो त्यांच्याकडे १९१६ ला फोन लावतात, वॉर्डात कीटकनाशक खातं आहे, रात्री उंदीर मारणारी वेगळी माणसंसुद्धा आहेत. आमच्याकडे असं काही आहे का, हेच कुणी धड सांगत नाही.

तर अर्ज नेमका कुणाच्या नावे करू? खासगी जागा म्हटल्यावर पालिकेचे हात खरंच बांधलेले असतात का? आणि आमचे सेक्रेटरी धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या आणून बिळांत टाकायच्या म्हणतायत. मला ते पटत नाही, पण त्यांना थांबवायला मुद्दा हवा.

प्रतिसाद १

आधी गोळ्यांचं. सेक्रेटरींना आजच थांबवा. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. बिळाचं दुसरं तोंड काकूंच्या मोरीत निघत नसेल कशावरून?

मी हिवताप विभागात नोकरी केली आहे. पाण्यावर आडव्या पडणाऱ्या अळ्या अ‍ॅनोफिलीसच्या, म्हणजे मलेरियाच्या डासाच्या. लटकणाऱ्या एडिस (डेंग्यूचा डास) किंवा क्युलेक्स या दुसऱ्या जातीच्या. व्हिडिओ जपून ठेवा. धूर फक्त उडणारे डास मारतो, अळीला काहीही होत नाही आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तुमच्या तक्रारीत ‘डास वाढलेत’ एवढंच असेल तर गाडी पाठवून ती बंद होणारच. सरळ जागा दाखवा: अमुक प्लॉटवरच्या हौदात आणि खड्ड्यात अळ्या आहेत, पाहणी करा, अळीनाशक टाका, जागामालकाला नोटीस द्या. अर्ज वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत प्रभाग कार्यालयात सहायक आयुक्तांना. डासांची पैदास होऊ देणाऱ्याला पालिका नोटीस देऊ शकते, जागा खासगी असली तरी. मोठ्या खड्ड्यात गप्पी मासे सोडायला सांगा, ते बहुतेक ठिकाणी आरोग्य खात्याकडे असतात. हौद मात्र उपसायलाच हवा.

प्रतिसाद २

घुशींचा अर्ज वेगळा करा, नाहीतर एका विषयावर शेरा मारून दोन्ही फायली बंद करतील. त्यात पाण्याच्या टाकीजवळची बिळं ठळक लिहा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) पसरतो तो उंदीर-घुशींच्या मुतातून, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचं नाव निघालं की अधिकारी जरा हलतात. सोसायटीने स्वतःहून काय करायचं? ओला कचरा रात्री बाहेर ठेवणं बंद, मोरीला लोखंडी जाळी पक्की बसवायची, आणि जी बिळं वापरात नाहीत ती काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवायची. वापरातली बिळं नुसती बुजवलीत तर दोन हात पलीकडे नवं भोक पडतं. आमच्याकडे तसंच झालं.

शिक्का मारलेली पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की या प्लॉटला नोटीस दिली का, दिली तर प्रत द्या. दहा रुपयांचं काम आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार टाकून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. गोळ्यांचा विषय कमिटीच्या ग्रुपवर टाकलाय, सेक्रेटरी सध्या गप्प आहेत. एक अडचण राहिली. जागामालक म्हणून नाव कुणाचं घालू? बिल्डर फोन उचलत नाही आणि जुन्या इमारतीतले लोक भाड्याने कुठेकुठे पांगलेत.

प्रतिसाद १

दोघांचंही घाला, जुन्या सोसायटीचं आणि बिल्डरचं. पत्र्यावर प्रकल्पाचा फलक असेल, त्यावर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर असतो. त्याचा फोटो अर्जाला जोडा, नंबरावरून बिल्डरचा पत्ता साइटवर मिळेल. मालक ठरवण्याची भानगड त्यांची त्यांना करू दे. तुम्ही अर्जात एवढंच मागा की तोवर हौद पालिकेने उपसावा आणि खर्च मालकाकडून वसूल करावा.